पर्वत पाटियाचा फ्लॅट आणि गावाकडचं धाबं: भूकंप एकच, पण दोन्ही घरं पडतात वेगळ्या कारणानं

पर्वत पाटिया, गोडादरा, डिंडोली, लिंबायत, उधना. सुरतेच्या या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसाला घर कुठं म्हणून विचारलं तर तो दोन पत्ते सांगतो. एक इथला, भाड्याचा नाहीतर हप्त्यावर घेतलेला. दुसरा गावाकडचा, म्हणजे नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा असा कुठला तरी. दिवाळीला, अखाजीला आणि लग्नसराईत ताप्ती लाईनच्या गाड्या खच्चून भरतात त्या याच दोन पत्त्यांमधल्या माणसांनी. त्यामुळे भूकंपाविषयी आपल्या वाचकांसाठी लिहायचं तर एकट्या सुरतेवर लिहून भागत नाही आणि एकट्या गावावरही नाही. इथलं घर आणि तिथलं घर यांची बांधणी वेगळी आहे, त्यांचा धोका वेगळा आहे, आणि जमीन हलत असताना करायची गोष्टही दोन्हीकडे एकच नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या सूचनांमध्ये नेमका हाच फरक गाळलेला असतो.

सुरतेला आठवतो तो भूकंप २६ जानेवारी २००१ चा. शुक्रवार होता, सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटं झाली होती. शाळांमध्ये झेंडावंदन चालू होतं किंवा नुकतंच आटोपलं होतं. भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, भचाऊजवळ. तिथून सुरत सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर, मध्ये खंभातचं आखात. इतकं अंतर असताना इथं काही व्हायला नको, असं कुणालाही वाटेल. पण सरकारी आकड्यांनुसार गुजरातमध्ये त्या दिवशी १३,८०५ माणसं गेली, त्यातली बारा हजारांवर एकट्या कच्छची, साडेसातशेच्या आसपास अहमदाबादची, आणि ४६ सुरत जिल्ह्यातली. कच्छच्या आकड्यापुढे ४६ हा आकडा लहान दिसतो, म्हणून तो फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. आपल्यासाठी मात्र खरा धडा त्याच आकड्यात आहे. साडेतीनशे किलोमीटरवरून आलेल्या भूकंपानं इथं माणसं मेलीच कशी?

आधी बारीक थरथर, मग खरा हेलकावा

जमिनीखाली खडक तुटला की दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली लाट वेगवान, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावणारी. ती खडकाला पुढे-मागे ढकलते, आणि दूर पोहोचेपर्यंत तिचा जोर बराच कमी झालेला असतो. भांडी किणकिणतात, खिडकीची काच थरथरते, बाहेरून जड ट्रक गेल्यासारखं वाटतं. दुसरी लाट मागून येते, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. ती जमीन आडवी हलवते. घरं पाडते ती ही दुसरी.

दोन्ही लाटा एकाच क्षणी निघतात, पण वेग वेगळा असल्यामुळे जितकं अंतर जास्त तितकी त्यांच्यात फारकत पडते. एक सोपा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. बारीक थरथर सुरू झाल्यापासून मोठा हेलकावा येईपर्यंत जितके सेकंद जातात, त्यांना आठानं गुणा. भूकंपाचं केंद्र साधारण तितके किलोमीटर दूर आहे. कच्छमधल्या भूकंपासाठी सुरतेत हे अंतर चाळीस सेकंदांच्या वर भरतं. चाळीस सेकंद म्हणजे थोडके नव्हेत. तळमजल्यावरचा माणूस लेकराला उचलून, चप्पल न घालता, मोकळ्या जागी पोहोचू शकतो. पण ही सवलत फक्त लांबच्या भूकंपात मिळते, आणि पहिली थरथर तुम्ही ओळखली तरच. पॉवरलूम चालू असलेल्या गल्लीत जमीन दिवसरात्र थरथरतच असते, तिथं ही थरथर ओळखायची कशी, हा प्रश्न वाचकांनी जरूर विचारावा. त्याचं उत्तर लटकत्या वस्तूंकडे बघून मिळतं. लूमच्या कंपनानं पंखा झोक्यासारखा झुलत नाही, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हिंदकळून खाली सांडत नाही.

सप्टेंबर २०२३ पासून भारतात अँड्रॉइड मोबाईलवर भूकंपाची सूचना देण्याची सोयही सुरू झाली आहे. तिचं तंत्र हेच आहे. केंद्राजवळच्या फोनना पहिली थरथर जाणवते, तो निरोप इंटरनेटवरून लाटेच्या आधी लांबच्या फोनपर्यंत पोहोचतो. सेटिंगमध्ये जाऊन भूकंपाची सूचना चालू आहे का ते पाहून घ्या. इंटरनेट आणि लोकेशन बंद असलं तर तिचा उपयोग नाही.

लांबून आलेली लाट उंच इमारत शोधते

आता मूळ प्रश्न. भूकंपाच्या केंद्राजवळ सगळ्या तऱ्हेचे धक्के एकदम बसतात, बारीक जलद आणि मोठे संथ. जलद कंपन काही अंतर गेल्यावर खडकातच जिरून जातं. संथ हेलकावा मात्र शेकडो किलोमीटर जातो. आणि प्रत्येक इमारतीची स्वतःची एक लय असते. झोक्याला नेमक्या वेळी हलकासा धक्का देत गेलं की झोका वर वर जातो, तसंच हे. एकमजली घराची लय जलद असते, त्याला संथ हेलकावा फारसा लागू पडत नाही. पाच ते दहा मजल्यांच्या इमारतीची लय संथ, ती या हेलकाव्याच्या तालात येते आणि दर खेपेला थोडी जास्त झुलते.

त्यात जमिनीची भर. सुरत तापीनं आणून टाकलेल्या गाळावर वसलेली आहे, अहमदाबाद साबरमतीच्या. खडकावरून गाळात शिरताना लाटेचा वेग मंदावतो आणि तिची उंची वाढते. ताटात पाणी असलं की ताट जरासं हललं तरी पाणी जास्त डचमळतं, तसं. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ ला हेच झालं होतं. भूकंप समुद्रकिनाऱ्यावर, शहर साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पण शहर जुन्या तळ्याच्या गाळावर. तिथं मधल्या उंचीच्या इमारती जास्त पडल्या. अगदी अलीकडे २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये ७.७ चा भूकंप झाला आणि सुमारे हजार किलोमीटरवरच्या बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली उंच सरकारी इमारत जमीनदोस्त झाली. त्याचे व्हिडीओ आपण सगळ्यांनी पाहिले. ७.७ हाच आकडा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं २००१ च्या कच्छ भूकंपाला दिला आहे.

(आपल्या हवामान खात्यानं तेव्हा ६.९ जाहीर केला होता, त्यावरून आजही वाद घालणारे भेटतात. दोन मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, आणि फार मोठ्या भूकंपात जुनी पट्टी कमी दाखवते, इतकंच.)

कच्छमधल्या भुंग्यांची गोष्ट याच ठिकाणी सांगायला हवी. भुंगा म्हणजे तिकडचं मातीचं गोल घर, वर गवताचं हलकं छप्पर. केंद्राच्या इतक्या जवळ असूनही चांगल्या बांधणीचे कितीतरी भुंगे उभे राहिले, आणि अहमदाबादमध्ये दोनशे किलोमीटरवर सिमेंटच्या इमारती बसल्या. पक्कं घर म्हणजे सुरक्षित घर, हा आपला समज तपासून पाहायची गरज आहे.

पायात जीव नसलेली इमारत

अहमदाबादमध्ये २००१ ला पडलेल्या इमारतींची पाहणी झाली तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. खाली पार्किंगसाठी मोकळी जागा, नुसते कॉलम. वर चार किंवा त्याहून जास्त मजले, विटांच्या भिंतींनी भरलेले. भिंतींमुळे वरचे मजले एका पेटीसारखे ताठ होतात. हलायचं काम सगळं खालच्या उघड्या कॉलमवर येतं. चार काठ्यांवर भरलेली कोठी ठेवून ती आडवी ढकलावी, तसं. काठ्या मोडतात आणि कोठी जशीच्या तशी खाली बसते.

पर्वत पाटियाच्या कुठल्याही रस्त्यानं चालत जा. खाली पार्किंग नाहीतर दुकानांची रांग, वर फ्लॅट. दुकानांच्या बाबतीत अजून एक अडचण असते. पुढे नुसतं शटर, मागे पक्की भिंत. अशी इमारत हलताना सरळ झुलत नाही, पिळली जाते, आणि कोपऱ्यातल्या कॉलमवर सगळा ताण येतो. मग मालकानं नंतर चढवलेला वरचा मजला. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर ठेवलेलं एम्ब्रॉयडरीचं मशीन, साड्यांचे गठ्ठे, गच्चीवर पाण्याच्या आणखी दोन टाक्या. मूळ हिशेबात यातलं काहीच धरलेलं नसतं. भूकंपाचा आडवा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात लागतो, त्यामुळे वर चढवलेला प्रत्येक टन तळाच्या कॉलमला भरावा लागतो.

कॉलमच्या पोटातली गोष्ट सेंट्रिंगवर काम करणाऱ्या आपल्या लोकांना लगेच कळेल. उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा किती अंतरावर आहेत आणि त्यांची टोकं कशी वळवली आहेत, यावर भूकंपात कॉलम टिकणार की फुटणार हे ठरतं. रिंगा लांब लांब टाकल्या आणि टोकं नुसती काटकोनात मोडून ठेवली, तर हेलकाव्यात वरचं काँक्रीट उडालं की रिंग उघडते, सळ्या बाहेर फाकतात आणि कॉलम खचतो. टोकं आतपर्यंत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रुतवली आणि कॉलमच्या वरच्या-खालच्या भागात रिंगा जवळजवळ टाकल्या, तर तोच कॉलम वाकतो पण उभा राहतो. हा नियम १९९३ पासून भारतीय मानकात आहे. जास्तीचा खर्च थोड्या लोखंडाचा. पण स्लॅब पडल्यावर आणि प्लास्टर झाल्यावर तो कुणाला दिसत नाही, म्हणून पहिली काटकसर तिथंच होते.

इमारत पडायला दर वेळी भूकंपच लागतो असंही नाही. ६ जुलै २०२४ ला सचिनजवळच्या पाली गावात कामगार राहत असलेली बहुमजली इमारत पावसात आपोआप बसली, सात जणांचा जीव गेला. ती काही शंभर वर्षांची नव्हती.

आणि गावाकडचं धाबं

आता दुसरा पत्ता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादची गावं झोपली होती. किल्लारीच्या भूकंपाची ताकद ६.२, म्हणजे कच्छच्या मानानं बराच लहान. कच्छच्या भूकंपात त्याच्या दीडशे-पावणेदोनशे पट ऊर्जा बाहेर पडली. तरी किल्लारी परिसरात जवळपास दहा हजार माणसं गेली. कारण केंद्र पायाखाली होतं, खोली फार नव्हती, आणि घरं होती दगड-मातीची.

त्या घरांची बांधणी खानदेशातल्या माणसाला परकी वाटणार नाही. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, सांध्यात सिमेंट नाही, माती. भिंत बाहेरून एकजीव दिसते, पण आत तिचे दोन पदर असतात, बाहेरचा आणि आतला, आणि मध्ये भरलेला चुरा. दोन्ही पदरांना शिवणारा लांब आडवा दगड नसला की हलल्यावर पदर सुटतात, आतला खोलीत पडतो आणि बाहेरचा गल्लीत. वर लाकडी सरा, त्यावर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळतीसाठी वर थोडी माती टाकायची ही पद्धत. बापानं टाकली, आजानं टाकली, पण काढली कुणी नाही. एक हात जाडीचा हा थर टनावारी भरतो. किल्लारीत माणसं दगडांखाली गेली तशीच या मातीखाली गुदमरली.

आणि इथं चाळीस सेकंदांची सवलत नाही. केंद्र दहा-पंधरा किलोमीटरवर असेल तर थरथर आणि धक्का यांच्यात एक-दोन सेकंद जातात. उठून बसेपर्यंत संपलेलं असतं.

आपल्याकडे असा भूकंप येईलच कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी: नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यातून जमिनीतली जुनी भेगांची पट्टी जाते. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाच्या वरचा भूकंप झाला होता. २३ मार्च १९७० ला भरूचला ५.४ चा झाला, त्यात माणसं गेली. २००२ च्या भूकंप नकाशात सुरत तिसऱ्या झोनमध्ये आहे, कच्छ पाचव्या म्हणजे सर्वात धोक्याच्या. तिसरा झोन म्हणजे मध्यम धोका, शून्य धोका नव्हे. किल्लारी तर १९९३ पर्यंत नकाशात सर्वात कमी धोक्याच्या भागात होती.

गावाकडचं घर पाडून नवं बांधायला प्रत्येकाकडे पैसा नाही. किल्लारीनंतर मराठवाड्यात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्याच कार्यक्रमात लाखांहून जास्त जुन्या घरांची मालकांनीच दुरुस्ती आणि मजबुती केली, ती फारशी कुणी सांगत नाही. कामं साधी होती. धाब्यावरची जास्तीची माती उतरवायची. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून, त्यात वाकवलेली सळई टाकून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर शिवले जातात. दाराच्या उंचीवर चारही भिंतींना बांधणारा पट्टा घालायचा. सरे-खांबांचे जोड पट्ट्यांनी घट्ट करायचे. यातलं पहिलं काम, माती उतरवण्याचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलेली दोन माणसं फावड्यानं करू शकतात. गळतीसाठी वर ताडपत्री किंवा पत्रा टाका. दुसरं म्हणजे झोपायची जागा बदला. जाड भिंतीला लावलेली खाट दारापाशी आणा.

जमीन हलत असताना

टीव्हीवर दाखवतात ती सूचना अशी: खाली बसा, डोकं झाका, मजबूत टेबलाखाली जाऊन त्याचा पाय धरून राहा. सुरतेतल्या फ्लॅटमध्ये, पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या वर असाल तर हेच करा. जिना धरू नका. भूकंपात जिन्याची मोडतोड लवकर होते, आणि सगळी बिल्डिंग एकदम जिन्यात घुसली की चेंगराचेंगरी वेगळीच. लिफ्टचं तर नावच नको. गॅलरीतही उभं राहू नका, तिचा कठडा आधी सुटतो. टेबल नसेल, आणि आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात ते नसतंच, तर काचेपासून आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीशी गुडघ्यावर बसून उशी नाहीतर ताट डोक्यावर धरा. लोखंडी कपाटावर ट्रंका आणि पितळी भांडी रचून ठेवायची आपली सवय आहे, ती आजच मोडा. कपाट भिंतीला क्लॅम्पनं अडकवायला फारसा खर्च येत नाही.

तळमजल्यावर असाल आणि समोर मोकळं मैदान असेल तर थरथर जाणवताच बाहेर पडा. पण बाहेर म्हणजे दोन इमारतींमधली आठ फुटांची गल्ली नव्हे. अंजारमध्ये २००१ ला प्रजासत्ताक दिनाची मुलांची फेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. ती लेकरं घराबाहेरच होती. बाहेर पडताना वर काय आहे ते बघायचं, हे त्या गल्लीवरून शिकायचं.

गावाकडच्या धाब्याच्या घरात मात्र नियम उलटा. तिथं आत बसून टेबल शोधू नका. दार दोन उड्यांवर असेल तर सरळ अंगणात जा. कुडाचं, पत्र्याचं हलकं घर असेल तर इतकी घाई नाही. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना दोन्ही घरांचे वेगळे नियम सांगून ठेवावे लागतील. इथं शिकलेली गोष्ट तिथं उलटी पडू शकते.

नंतरचे दिवस

हलणं थांबलं की गॅसची कळ बंद, मेन स्विच बंद, आणि मग बाहेर. आत पुन्हा केव्हा जायचं, हा खरा अवघड प्रश्न. मोठ्या भूकंपानंतर लहान धक्के येतातच. जपानी शास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्ये त्यांचा नियम मांडला. पहिल्या दिवशी जितके धक्के येतात त्याच्या सुमारे निम्मे दुसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी सुमारे दहावा हिस्सा. म्हणजे संख्या झपाट्यानं कमी होते, पण शेपूट लांब राहतं. आणि संख्या कमी झाली म्हणून जोर कमी होईलच असं नाही. कच्छमध्ये २८ जानेवारी २००१ ला, दोन दिवसांनी, ५.८ चा धक्का बसला. आधीच तडकलेली भिंत पाडायला तेवढा पुरतो.

तडे वाचायला शिका. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यात उभी केसासारखी चीर पडणं ही बहुतेक इमारतींत होणारी गोष्ट आहे. भिंतीत तिरपा किंवा फुलीसारखा तडा म्हणजे भिंतीनं जोर घेतलाय, इंजिनिअरला दाखवा. पण कॉलमच्या किंवा बीमच्या टोकाशी काँक्रीट उडून सळ्या दिसत असतील, दारं एकाएकी घासायला लागली असतील, इमारत एका बाजूला कललेली वाटत असेल, तर कागद आणायलाही आत जाऊ नका. मालक म्हणेल प्लास्टर मारून देतो. प्लास्टरनं तडा झाकला जातो, भरून निघत नाही.

त्याच काळात अफवांना ऊत येतो. आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का येणार, अमुक संस्थेनं सांगितलंय. भूकंपाची वेळ आणि तारीख आधी सांगणं आजच्या घडीला जगात कुणालाही जमलेलं नाही. ज्या मेसेजमध्ये वेळ दिली आहे तो खोटा, असं बेधडक समजा. १९९४ च्या प्लेगच्या वेळी भीतीपोटी लाखो माणसांनी काही दिवसांत सुरत सोडली होती, स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. भूकंपानंतरही मन पहिल्यांदा गावाकडेच धावणार, ते साहजिक आहे. पण गावाकडे जाऊन तडकलेल्या धाब्याखाली झोपणार असाल तर इथल्या मैदानातला तंबू बरा.

तंबूत किती दिवस काढावे लागतात, हे पालघर जिल्ह्याला विचारावं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. एकही धक्का फार मोठा नाही, पण लोक थंडीत आणि पावसात घराबाहेर झोपले. झोप उडते, मुलं एकटी बाथरूमला जायला घाबरतात, पंखा हलला की काळजात धस्स होतं. नसलेला धक्काही जाणवतो. हे वेड नाही आणि भित्रेपणाही नाही, शरीराची सवय आहे. सहसा काही आठवड्यांत ती ओसरते. महिन्यांनंतरही झोप येत नसेल तर डॉक्टरकडे जायला लाजू नये.

कागद कुठल्या राज्याचे?

दोन पत्ते असलेल्या माणसाची खरी ओढाताण मदतीच्या रांगेत होते. घराच्या नुकसानीचा पैसा रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे त्याच्या नावानं निघतो. कच्छमध्ये मदत घराच्या नुकसानीच्या श्रेणीप्रमाणे ठरली, हप्त्यांत मिळाली, पुढचा हप्ता इंजिनिअरनं काम तपासल्यावर. मालकानं स्वतः बांधायचं, सरकारनं पैसा आणि देखरेख द्यायची, ही पद्धत चांगली होती. पण ती मालकासाठी होती. पर्वत पाटियात भाड्यानं राहणाऱ्याचं घर पडलं तर इमारतीची भरपाई त्याला मिळणार नाही. त्याच्या हाती राहतो तो सामानाचा पंचनामा, आणि त्यासाठी तो तिथं राहत होता हे सिद्ध करावं लागतं. तोंडी ठरलेल्या भाड्यावर ते सिद्ध कसं करणार? भाडेकरार करून घ्या. तो नसेल तर लाईट बिल, गॅसचं कार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला, यातलं काहीतरी इथल्या पत्त्याचं असू द्या. वर्षातून एकदा घरातल्या सामानाचा मोबाईलवर व्हिडीओ काढून गावाकडच्या नातेवाईकाला पाठवून ठेवा.

गावाकडे उलटं होतं. घर आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, चार भाऊ सुरतेत. पडल्यावर पंचनामा होतो, पण पैसा अडकतो, कारण वारसनोंद झालेली नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. पुढच्या अखाजीला गावी जाल तेव्हा हे एक काम करून या.

माणूस दगावला तर आपत्ती निधीच्या ठरलेल्या निकषाप्रमाणे वारसाला चार लाख रुपये मिळतात. मृत्यू जिथं झाला तिथल्या प्रशासनाचा मृत्यूच्या कारणाचा दाखला त्यासाठी लागतो. म्हणजे रेशनकार्ड नंदुरबारचं असलं तरी सुरतेत झालेल्या मृत्यूचे कागद सुरतेतच करावे लागतील. अंत्यविधीसाठी घाईनं गावी नेण्याआधी नोंद आणि शवविच्छेदनाचे कागद हातात घ्यावेत. दुःखात हे सांगणं कठोर वाटतं, पण नंतर दोन राज्यांच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालताना तेच कागद आधी मागतात.

नंबर दोन्ही राज्यांत सारखेच आहेत: तातडीच्या मदतीला ११२, अॅम्ब्युलन्सला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७, राज्याच्या कक्षाला १०७०. एक बारीक गोष्ट मात्र अनेकांना ठाऊक नसते. १०७७ लावला की फोन तुम्ही जिथं आहात त्या जिल्ह्याला जातो. सुरतेत बसून गावाकडची खबर घ्यायची असेल तर आधी तिथला एसटीडी कोड लावा: नंदुरबारला ०२५६४, धुळ्याला ०२५६२, जळगावला ०२५७. आणि गावाकडच्या माणसांना सुरतेचा ०२६१ लिहून द्या, भिंतीवर, मोठ्या अक्षरात.